म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीतली गाठ

मंडळी, या वीकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मज्जारज्जूवर गाठ झालीय हे ओळखायला माणूस कसा शिकला, त्याची ही गोष्ट. मी पशुवैद्य नाही, इतिहासकार तर मुळीच नाही. पोट भरतो ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले किडे शोधून. पण हे सगळं वाचताना सारखं वाटत राहिलं, की अरे, हे तर आपलंच काम! आतलं काही दिसत नाही, रोगी बोलत नाही, आणि बाहेरच्या लक्षणांवरून नेमकं कुठे बिघडलंय ते सांगायचं.

आधी प्रश्न काय आहे तो बघू. दहा-बारा वर्षांचं मोठ्या जातीचं कुत्रं. मागचे पाय हळूहळू ओढायला लागतं. जिना चढायला नको म्हणतं, वळताना मागचा भाग तोल जाऊन कलंडतो. आपल्याकडे यावर एक ठरलेलं निदान आहे, "वय झालं आता." घरचे म्हणतात, शेजारचे म्हणतात, आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात. पण वय हा काही आजार नाही. या दोन शब्दांखाली सहा-सात वेगवेगळे आजार सुखाने लपून बसतात. खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात असू शकतो. मणक्यांमधली चकती वर्षानुवर्षं फुगत जाऊन मज्जारज्जूला रेटत असू शकते. (स्वीडनच्या हान्सेन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांच्या चकत्यांच्या बिघाडाचे दोन प्रकार पाडले. त्यातला हा दुसरा, म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांचा.) मज्जारज्जू आपोआप झिजत जाणारा एक आजार आहे, त्याला डीजनरेटिव्ह मायलोपथी म्हणतात. शिवाय मणक्यांमधला जंतुसंसर्ग असतो. आणि गाठ असते.

यात फरक करून काय मिळणार, कुत्रं तर म्हातारंच आहे, असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर आहे. झिजेच्या आजारात दुखत नाही. तिथे कुत्र्याला रोज चालवायचं, हालतं ठेवायचं असा सल्ला देतात. गाठ मात्र बऱ्याचदा दुखते, आणि चांगलीच दुखते. म्हणजे गाठीला झीज समजलात, तर वेदनेने कळवळणाऱ्या जनावराला तुम्ही व्यायामाला लावणार, आणि वेदनाशामक देणार नाही. उलट संसर्गाला गाठ समजलात, तर औषधांनी बरा होऊ शकणारा कुत्रा झोपवून टाकाल. शेवटचं इंजेक्शन कधी द्यायचं हा निर्णय ज्याच्यावर अवलंबून असतो, ते हे निदान.

या इतिहासातली मला सगळ्यात अजब वाटलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही विद्या मोठ्या प्रमाणावर प्राण्यांवर, त्यातही कुत्र्यांवर शिकली गेली. मग ती माणसांच्या कामी आली. आणि कुत्र्यांकडे परत यायला तिला साठ-सत्तर वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, एका मृत्युपत्रापासून. थॉमस ब्राउन नावाचे एक गृहस्थ १८५२ साली वारले आणि लंडन विद्यापीठाला बरीच रक्कम ठेवून गेले. कशासाठी, तर माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या चतुष्पादांच्या आणि पक्ष्यांच्या आजारांचा अभ्यास करून त्यांना बरं करण्यासाठी. अट अशी की एकोणीस वर्षांत संस्था उभी राहिली नाही तर पैसे डब्लिनच्या विद्यापीठाला. शिवाय तिथल्या प्राध्यापकाने दरवर्षी किमान पाच व्याख्यानं द्यायची, आणि तीही लोकांना फुकट. नातेवाइकांनी कोर्टकचेरी केली, विद्यापीठाने नेहमीप्रमाणे वेळ काढला, आणि संस्था उघडली १८७१ साली. १८५२ अधिक १९, करा बेरीज! डेडलाइन आली की काम होतं, हा नियम आपल्या धंद्यातला नाही, सनातन आहे.

ही ब्राउन इन्स्टिट्यूशन. एका बाजूला गोरगरिबांच्या घोड्या-कुत्र्यांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला संशोधनाची प्रयोगशाळा. (आपल्याकडे परळला पेटिट प्राण्यांचं इस्पितळ आणि १८८६ सालचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, ही मंडळी जवळपास त्याच काळातली. असो.) १८८४ साली या संस्थेचा प्रमुख झाला व्हिक्टर हॉर्सली. वय सत्तावीस. माणसांचा शल्यविशारद, पण नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. तिथे त्याने माकडांवर थायरॉइडचे प्रयोग केले, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या रोगावर काम केलं. आणि त्याच नोकरीत असताना, १८८७ च्या जूनमध्ये, त्याने एक अशी शस्त्रक्रिया केली की तिच्यामुळे त्याचं नाव मज्जासंस्थेच्या प्रत्येक इतिहासात येतं.

रोगी होता कॅप्टन गिल्बी, बेचाळीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखायला लागलं होतं. डॉक्टर झाले, हवापालट झाली, वेगवेगळी निदानं झाली. नस दुखतेय म्हणाले, मनाचं असेल असंही सुचवून झालं. १८८७ उजाडेपर्यंत पाय जायला लागले, मग लघवीवरचा ताबा गेला. शेवटी तो विल्यम गॉवर्स या मेंदूविकारतज्ज्ञाकडे आला. एक्स-रे अजून जन्मालाच आलेले नाहीत, रॉन्टगेनला वेळ आहे १८९५ पर्यंत. गॉवर्सच्या हातात काय, तर टाचणी, हातोडी आणि रोग्याचं बोलणं. कुठवर टोचलेलं कळतं, कुठून कळत नाही, दुखणं कुठल्या पट्ट्यात फिरतं, कुठला पाय आधी गेला. यावरून त्याने सांगितलं, की मज्जारज्जूवर बाहेरून काहीतरी दाबतंय आणि ते छातीच्या मणक्यांत अमुक ठिकाणी आहे. हॉर्सलीला बोलावलं. ९ जून १८८७, क्वीन स्क्वेअरचं इस्पितळ.

हॉर्सलीने पाठ उघडली. गाठ नाही!

हा क्षण मला फार ओळखीचा वाटतो. सगळे पुरावे सांगतायत की चूक याच फंक्शनमध्ये आहे, तुम्ही ओळ न ओळ वाचता आणि तिथे सगळं व्यवस्थित असतं. हॉर्सली थांबला नाही. आणखी वरचं हाड काढलं, आणि तिथे बदामाच्या आकाराची गाठ मज्जारज्जूला दाबून बसलेली मिळाली. काढली. वर्षभराने गिल्बी चालत होता, दिवसाला सोळा तास काम करत होता. मज्जारज्जूवरची गाठ आधी निदान करून मग यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद. गॉवर्स आणि हॉर्सली या दोघांनी मिळून १८८८ साली ती प्रसिद्ध केली.

गाठ अपेक्षेपेक्षा वर का सापडली, याला कारण आहे. कातडीतून निघालेली संवेदना मज्जारज्जूत शिरते आणि काही अंतर वर चढून मग दुसऱ्या बाजूला जाते. शिवाय शेजारशेजारच्या नसांचे प्रदेश एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे जिथून संवेदना जाते ती रेघ खऱ्या बिघाडाच्या खाली दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हॉर्सली गेल्यावर १८९१ मध्ये ब्राउन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या खुर्चीवर कोण आला? चार्ल्स शेरिंग्टन. पुढे १९३२ साली नोबेल मिळालेला. याने प्रतिक्षिप्त क्रियांवर आयुष्य घातलं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, त्याच्या मागे कुठल्या नसा, वरून मेंदूचा दाब निघून गेला तर तो पाय जास्त जोरात का उडतो, असे प्रश्न. पुढे लिव्हरपूलला त्याने कुत्र्याच्या खाजवण्याचा कसून अभ्यास केला. मज्जारज्जू कापलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हळूच गुदगुल्या केल्या तर मागचा पाय खाजवायला लागतो, मेंदूशी संबंध तुटलेला असूनही. म्हणजे खाजवण्याचा अख्खा प्रोग्रॅम मज्जारज्जूतच लिहिलेला आहे.

हो, कापलेल्या. भूल देऊन, पण मुद्दाम कापलेल्या. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला इथे वाचताना थांबायला होतं, मलाही झालं. हा वाद तेव्हाही पेटलेला होता. फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनी १८६३ सालीच फ्लॉरेन्समध्ये मोरिट्झ शिफ या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध मोहीम उघडली होती. पुढे १८७६ साली शिफ फ्लॉरेन्स सोडून जिनिव्हाला गेला. याच कॉबबाई १८९२ मध्ये हॉर्सलीशी भिडल्या. त्यांच्या पुस्तकात अनेक प्रयोगांच्या वर्णनातून भूल दिल्याचा उल्लेख गाळला होता, तो हॉर्सलीने जाहीर सभेत वाचून दाखवला, आणि पुस्तक मागे घेऊन दुरुस्त करावं लागलं. कॉबबाई तपशिलात हरल्या, पण त्यांचा मूळ प्रश्न काही त्यामुळे सुटला नाही.

आणि गंमत बघा, आज कुठल्याही पशुवैद्यकाच्या पुस्तकात 'शिफ-शेरिंग्टन' नावाचं लक्षण सापडतं. पाठीच्या मधल्या भागात मज्जारज्जूला अचानक जोराची इजा झाली, तर कुत्र्याचे पुढचे पाय लाकडासारखे ताठ होतात, जरी त्या पायांत काहीच बिघाड नसला तरी. कंबरेकडच्या काही पेशी पुढच्या पायांना सतत 'जरा सैल' असा निरोप पाठवत असतात, तो निरोप पोचायचा बंद होतो. त्या काळातल्या प्रयोगांतून कळलेली ही गोष्ट आज रस्त्यावर गाडीखाली आलेल्या कुत्र्याला तपासताना उपयोगी पडते.

पण ही विद्या कुत्र्यांकडे परत येणं सोपं गेलं नाही. हॉर्सलीच्या शस्त्रक्रियेनंतर माणसांच्या मेंदूविकारशास्त्राने झपाट्याने प्रगती केली. कुत्र्याच्या मज्जासंस्थेची तपासणी शिस्तवार कशी करायची हे सांगणारं पुस्तक मात्र आलं १९५६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉन मॅकग्रा यांचं. १९६५ साली दोन आली, केंब्रिजचे पामर आणि अलाबामातल्या ऑबर्नचे होर्लाइन यांची. १९७७ मध्ये कॉर्नेलच्या डी लाहुंटांचा जाडजूड ग्रंथ. १८८७ ते १९५६, एकोणसत्तर वर्षं! माझ्या मते याचं कारण विज्ञान कमी पडलं हे नव्हे. घोडा आणि गाय यांची किंमत होती, म्हाताऱ्या कुत्र्याची नव्हती. त्याच्यासाठी 'वय झालं' हे निदान पुरेसं होतं, आणि बंदुकीची गोळी हा उपचार.

तर मॅकग्रांपासून पुढे जी पद्धत रुळली ती आता सांगतो, कारण ती मला भलतीच आवडलीय. कुत्रा बोलत नाही, टोचलेलं कुठवर कळतं हे सांगत नाही. मग? दोन प्रश्न विचारायचे. एक, पुढचे पाय बिघडलेत का? दोन, बिघडलेल्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया वाढल्यात की मंदावल्यात? बिघाड पायाच्या नसा निघतात त्याच जागी असेल तर त्या मंदावतात, त्याच्या वर असेल तर शाबूत राहतात किंवा वाढतात. चारही पाय बिघडलेले आणि सगळ्यांच्या क्रिया वाढलेल्या, तर दोष मानेच्या वरच्या भागात. चारही बिघडलेले पण पुढच्यांच्या मंद, तर मानेच्या तळाशी. पुढचे पाय ठणठणीत, मागच्यांच्या वाढलेल्या, तर छाती आणि कंबरेच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे पुस्तकी भाषेत टी३ ते एल३. मागच्यांच्या मंद, तर त्याच्याही मागे. दोन प्रश्न, दोन बिट्स, चार कप्पे. आपण शंभर बदलांतून चुकीचा बदल शोधताना अर्धे-अर्धे करत जातो ना, अगदी तेच.

त्याच्याही आधी एक साधी तपासणी असते. कुत्र्याला उभं करून मागचा पंजा उलटा ठेवायचा, म्हणजे पंजाची पाठ जमिनीला. निरोगी कुत्रा तो क्षणात सुलटा करतो. संधिवाताच्या कुत्र्याचंही दुखतं, लंगडतो, पण पंजा सुलटा करतो, कारण पंजा कुठे आहे हे त्याला कळतं. मज्जारज्जूचा रोगी तसाच उभा राहतो. संधिवात आणि मज्जारज्जू यांतला फरक अर्ध्या मिनिटात, यंत्राशिवाय. (घरी बघायची खूण म्हणजे मागच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने घासलेली असतात.)

आणि मग पाठीची कातडी. कंबरेपासून पुढे येत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना चिमट्याने हलकेच चिमटे काढायचे. माशी बसली की कातडी थरथरते ना, तशी ती थरथरते. हा निरोप मज्जारज्जूतून वर मानेच्या तळापर्यंत जाऊन परत येतो. वाटेत अडथळा असेल तर अडथळ्याच्या मागे चिमटे काढून काही होत नाही, आणि पुढे आलं की अचानक थरथर सुरू होते. ती रेघ. आणि हॉर्सलीचं आठवतंय ना? ही रेघही खऱ्या जागेच्या मागेच पडते, गाठ बहुधा एक-दोन मणके पुढे असते.

हे सगळं मी एवढ्या रंगून का सांगतोय, तर हे प्रत्यक्ष बघितलंय. आमच्याकडे जाई होती, लॅब्रॅडॉर, तेव्हा अकरा वर्षांची. शहाबादी फरशीवर चालताना मागच्या नखांचा खर्र-खर्र आवाज यायला लागला. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. मणक्यांच्या खालच्या बाजूला हाडाचे पूल तयार झालेले दिसले, त्याला स्पाँडिलोसिस म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, वय झालंय हो तिचं. गोळ्या देतो." त्या एक्स-रेमध्ये दिसत होतं ते खरंच होतं. पण म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांत हे पूल इतके सर्रास असतात, आणि बहुतेक वेळा इतके निरुपद्रवी, की ते दिसणं हा दुखण्याचा पुरावाच नव्हे. लॉग उघडला, पहिली लाल ओळ दिसली आणि तीच चूक धरून बसलो, असा तो प्रकार.

दुसऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि जमिनीवर बसल्या. "दादा, तिला पोटाखालून धरून उभी करा बरं. जाईबाई, पाय द्या आम्हाला." पंजा उलटा ठेवला. जाई तशीच उभी, शेपूट हलवत. मग हातोडी, पाय जोरात उडला. मग चिमटे. कंबरेच्या दुसऱ्या मणक्यापाशी कातडी थरथरली, त्याच्या मागे नाही. त्या जागेच्या जरा पुढे दाबल्यावर आमची कधी हूं की चूं न करणारी जाई मान वळवून त्यांच्या हाताकडे आली. डॉक्टरांनी पेनने केसांवर एक खूण केली, आणि दोन बोटं पुढे दुसरी. म्हणाल्या, "असेल तर इथे असेल. आणि ही झीज नव्हे, हिला दुखतंय."

आता एक्स-रेच्या पुढचा इतिहास. एक्स-रेची अडचण ही की त्याला हाड दिसतं, मज्जारज्जू दिसत नाही. हाडाची गाठही उशिरा दिसते, कारण हाडातलं तीस ते पन्नास टक्के खनिज जाईपर्यंत चित्रात फारसा फरकच पडत नाही. मग मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात असं काहीतरी सोडायचं की ज्यामुळे त्याची कड दिसेल. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने १९१८-१९ मध्ये चक्क हवा सोडून पाहिली. पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी १९२१-२२ मध्ये आयोडीन घातलेलं खसखशीचं तेल वापरलं. चित्र छान आलं, पण तेल आत वर्षानुवर्षं राहायचं आणि आवरणांना सूज आणायचं.

यावरचा तोडगा निघाला स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन या डॉक्टरच्या पोहण्यातून! समुद्राच्या खाऱ्या पाण्यात डोळे उघडले की झोंबतात, पण खाडीच्या कमी खारट पाण्यात झोंबत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. मग आयोडीनचं औषधही शरीराला झोंबतं ते त्यातल्या क्षारांच्या दाटपणामुळे असेल, असं त्याने ताडलं. त्यातून ऑस्लोच्या एका कंपनीने मेट्रिझमाइड तयार केलं. १९७०च्या दशकात ते कुत्र्यांसाठीही वापरात आलं, पण भुलीतून उठताना कुत्र्यांना झटके यायचे, मोठ्या कुत्र्यांना जास्त. १९८०च्या दशकात आयोहेक्सॉल आलं आणि झटके बरेच कमी झाले.

या मायलोग्रामने गाठींचे तीन कप्पे पाडले, आणि ते आजही टिकून आहेत. चित्रात मज्जारज्जूच्या दोन्ही कडांना दोन पांढऱ्या रेघा दिसतात. गाठ आवरणाच्या बाहेर असेल तर रेघ आत ढकलली जाते. कुत्र्यांमधल्या साधारण निम्म्या गाठी अशा असतात, पुष्कळदा मणक्याच्या हाडातून उगवलेल्या. गाठ आवरणाच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असेल, तर पांढरा द्रव तिच्याभोवती वाटीसारखा साचतो. गॉल्फच्या चेंडूखाली लावतात त्या खुंटीसारखा आकार. मज्जावरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, आणि नसांच्या वेष्टणाच्या गाठी इथल्या. आणि गाठ मज्जारज्जूच्या पोटातच असेल तर दोन्ही रेघा फाकतात. हा प्रकार सगळ्यात कमी, आणि शल्यविशारदाला सगळ्यात नकोसा. गिल्बीची गाठ मधल्या प्रकारातली होती, म्हणून तर ती अलगद निघाली.

पुढचं तुम्हाला बहुतेक माहीत असेल. १९७१ साली हाउन्सफील्डच्या सीटी यंत्रात पहिला रोगी गेला. १९७३ मध्ये लॉटरबरचा एमआरआयवरचा निबंध आला, जो 'नेचर'ने आधी नाकारला होता. २००३ मध्ये त्याला आणि मॅन्सफील्डला नोबेल मिळालं. कुत्र्यांना सुरुवातीला माणसांच्या इस्पितळातली यंत्रं वापरावी लागत, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, माणसांची गर्दी संपल्यावर. एमआरआयने पहिल्यांदा मज्जारज्जू थेट दिसला, सुई न घालता. पण कुत्रा पाऊण तास निश्चल पडून राहत नाही, त्यामुळे पूर्ण भूल आलीच. आणि यंत्राला कुठे बघायचं ते आधी सांगावं लागतं. संपूर्ण पाठीचं बारीक चित्र काढायचं तर भूल लांबते, म्हाताऱ्या जनावराला ते झेपत नाही. म्हणजे हातोडी आणि चिमटा सुटले नाहीतच. केसांवरची ती पेनची खूण यंत्राला पत्ता सांगते.

झिजेच्या आजाराची गोष्टही इथेच उरकतो, कारण गाठीचा खरा तोतया तोच. एव्हरिल यांनी १९७३ साली त्याचं वर्णन केलं, बरेचसे रोगी जर्मन शेफर्ड. जिवंतपणी त्याची खात्री करणारी तपासणीच नव्हती, बाकी सगळं नाही म्हणून हे, असं निदान. २००९ मध्ये मिसूरीच्या आणि इतर काही संशोधकांना एसओडी१ या जनुकातला दोष सापडला. याच जनुकातल्या दोषांमुळे माणसांत एएलएसचा एक प्रकार होतो, हे १९९३ पासून माहीत होतं. आता कुत्र्याच्या रक्तातून किंवा गालाच्या आतल्या पेशींतून हा दोष तपासता येतो. पण सावध! दोष असलेल्या सगळ्याच कुत्र्यांना आजार होत नाही. आणि जनुक सदोष असलेल्या कुत्र्याला गाठ होऊच शकत नाही, असा काही नियम नाही. चाचणी 'होय' आली म्हणून शोध थांबवणारे लोक म्हणजे पुन्हा लॉगमधल्या पहिल्या लाल ओळीवाले.

आणि वयाचं काय? बहुतेक गाठी पाच वर्षांवरच्या कुत्र्यांत होतात हे खरं. पण एक गाठ उलटी आहे. भ्रूणावस्थेत मूत्रपिंड बनवणाऱ्या पेशींचा तुकडा चुकून मज्जारज्जूच्या आवरणात अडकून राहतो आणि तिथे वाढतो. ती तरुण कुत्र्यांत होते, बहुतेकदा तिसऱ्या वर्षाच्या आत, आणि जवळजवळ ठरलेल्या जागी, छातीचा शेवट आणि कंबरेची सुरुवात यांच्यामध्ये. म्हणजे वय ही माहिती उपयोगाची आहे, फक्त ती बाकीच्या पुराव्यांच्या रांगेत उभी राहायला हवी.

जाईचा एमआरआय मुंबईला झाला. हा तपास भारतात प्राण्यांसाठी मोजक्याच ठिकाणी होतो आणि स्वस्त नाही, हे वेगळं सांगायला नको. गाठ होती छातीच्या शेवटच्या मणक्यात, आवरणाच्या आत, मज्जारज्जूच्या बाहेर. पेनच्या दुसऱ्या खुणेपासून फार तर बोटभर अंतरावर. शस्त्रक्रिया शक्य होती. पण तिची मूत्रपिंडं आधीच थकलेली, भूल आणि नंतरचे पंधरा दिवस सोसतील याची डॉक्टरांना खात्री वाटेना. घरात तीन दिवस चर्चा झाली, आईने तर जेवण सोडलं. शेवटी स्टेरॉइड आणि वेदनाशामक असं ठरलं. स्टेरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, गाठ जात नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ती रात्री शांत झोपायला लागली. फरशीवर सतरंज्या पसरल्या, जिना बंद केला. चालायला लावायचं नाही, ती चालेल तेवढंच. पाच महिने मिळाले, त्यातले चार चांगले. मागचे पाय पूर्ण गेले तेव्हा डॉक्टर घरी आल्या.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दादा, हो म्हणालात तर गाठ तपासायला पाठवते. नाही म्हणालात तरी चालेल." कारण एमआरआयमध्ये जागा दिसते, जात दिसत नाही. मेनिंजिओमा आणि नसेच्या वेष्टणाची गाठ चित्रात अगदी सारख्या दिसू शकतात, आणि खरं नाव सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. गिल्बीच्या गाठीचंही तसंच होतं, आधी काढली आणि मग तिला नाव मिळालं. बाबा हो म्हणाले. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मेनिंजिओमा.